खान्देशातली उन्हाळी घरसजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की प्रश्न यायला लागतात आणि मृग लागेपर्यंत थांबत नाहीत. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा, नंदुरबार, सगळीकडून बरेचसे तेच ते. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सुचवताना मी एकच कसोटी लावते: मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार, लाइट गेलेली. अशा वेळी ती वस्तू त्या खोलीत नकोशी वाटली, तर तिचं कितीही चलन असो, मी ती सुचवत नाही.

१. उन्हाळ्यासाठी घर सजवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सुरुवात कुठून करू?

सुरुवात काढण्यापासून. हॉलमधला जाड गालिचा, सोफ्यावरचं मखमली कव्हर, पॉलिस्टरचे दुहेरी पडदे, उशांचा ढीग, कोपऱ्यातली कृत्रिम फुलं, हे सगळं झटकून, एक दिवस उन्हात घालून पेटीत जाऊ द्या. आपल्याकडे मार्चपासून वारा येतो तो धूळ घेऊनच. वस्तू जितक्या कमी तितकी झाडझूड कमी, आणि फरशी मोकळी राहिली की पायांना गार लागते.

त्यानंतर ऊन अडवा: आधी छत (प्र. ६), मग पश्चिमेची बाजू (प्र. २), मग रात्रीच्या हवेची वाट. कापड आणि रंग त्यामागून, शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी. पैसे खर्चायचे तेही याच क्रमाने. छत तापत असताना कुशन कव्हरांवर केलेला खर्च दुपारी बारानंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

२. आमच्या हॉलला दक्षिणेची मोठी खिडकी आहे आणि बेडरूमला पश्चिमेची छोटी. पडद्याचं बजेट कुठे घालवू?

पश्चिमेच्या छोट्या खिडकीवर, जराही विचार न करता. आपला भाग साधारण २१ अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही. वर हातभर छज्जा असेल तर एप्रिलमध्येही फारसं येत नाही. ते ऊन हिवाळ्यातलं, आणि तेव्हा ते हवंच असतं.

पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं. छज्ज्याखालून आत शिरतं, तेही हवा सगळ्यात तापलेली असताना. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत ती भिंत ऊन खाते आणि रात्री तेच खोलीत सोडते. पलंगाची डोक्याकडची बाजू या भिंतीला लागून असेल तर निदान चार महिने पलंग हलवा. पूर्वेचं ऊनही तिरपंच, पण तेव्हा घर रात्रीचं निवलेलं असतं, म्हणून साधा पडदा पुरतो.

३. सध्या पातळ, पांढरे, हवेवर उडणारे लिननचे पडदे सगळीकडे दिसतात. आपल्याकडे चालतील का?

उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीला खुशाल लावा. पश्चिमेला नुसते तेच लावले तर घर तापेल. काचेतून ऊन एकदा आत आलं की ते आतच राहतं. पडदा फार तर डोळ्यांवरची तिरीप अडवतो.

म्हणून पश्चिमेला दोन थर करा. पहिला बाहेरून, म्हणजे बांबूच्या काड्यांची चिक. विकत घेताना ती उजेडाकडे धरून बघा: दोन काड्यांमधून बोटभर उजेड दिसत असेल तर ती शोभेची आहे, केसाएवढ्या फटी दिसल्या तर सावलीची. चिकेला आतून मांजरपाटाचं अस्तर शिवून घेतलं की धूळही अडते. खाली दोन्ही टोकांना दोरी लावून गजाला बांधा, नाहीतर संध्याकाळच्या वाऱ्यात ती रात्रभर आपटत राहते. दुसरा थर आतला: खादी किंवा जाडसर सुती, फिक्या रंगाचा. दांडी चौकटीच्या वीतभर वर ठोका आणि पडदा दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त घ्या. कडेच्या फटींतून येणारी झळ थांबते आणि खिडकी मोठी दिसते, असा दुहेरी फायदा.

लिनन महाग वाटत असेल तर हातमागाचं जरा विरळ विणीचं सुती कापड तोच पडता झोक देतं. पूर्ण अंधार करणारे जाड पडदे घ्यायचेच असतील तर पाठीकडून पांढरे असलेले घ्या.

४. सासूबाई म्हणतात वाळ्याचे पडदे लावा. आता कोणी लावतं का? आणि खरंच गार होतं का?

होतं, आणि आपल्या कोरड्या हवेत तर चांगलंच होतं. वाळ्याच्या मुळ्यांवर पाणी मारलं की त्यातून येणारा वारा पाणी वाळवता वाळवता स्वतः निवतो. अट एकच: वारा वाहता हवा. ज्या बाजूने वारा येतो त्या खिडकीला वाळा लावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. बंद खोलीत लावलात तर नुसता सुगंध मिळेल.

दिसायलाही वाळा देखणा आहे. मातकट तपकिरी रंग, खरखरीत पोत, पाणी मारल्यावर उठणारा वास. ज्या मातीच्या रंगांसाठी लोक आज मासिकं चाळतात, ते आपल्या आजीच्या खिडकीत होतेच. तासा-दोन तासाला पाणी मारावं लागतं, म्हणून जिथे पाण्याची ओढ आहे तिथे सगळ्या खिडक्यांचा हट्ट नको. दुपारी घरातली माणसं जिथे बसतात तिथली एक खिडकी पुरे.

५. भिंतीला सेज ग्रीन देऊ की टेराकोटा? कोणत्या रंगाने घर थंड राहतं?

आतल्या भिंतीच्या रंगाने तापमान जवळजवळ हलत नाही. बदलतो तो उजेड आणि डोळ्यांना वाटणारा गारवा. उष्णतेसाठी महत्त्वाचा आहे बाहेरच्या भिंतीचा रंग, विशेषतः पश्चिमेच्या. बाहेरून गडद करडा किंवा चॉकलेटी रंग देण्याची सध्या टूम आहे. आपल्याकडे तो देऊ नका.

आत मनाला येईल तो फिका रंग घ्या. सेज ग्रीन, ताकासारखा पांढरा, फिकट आकाशी, तिन्ही चांगले दिसतात. टेराकोटा मला फार आवडतो, पण चारही भिंतींना दिला तर मेमध्ये खोली भट्टीसारखी वाटते. तो माठात, कुंडीत, एखाद्या कोनाड्यात शोभतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: धूळ अतिशुभ्र भिंतीवर लगेच दिसते, किंचित मळखाऊ पांढऱ्यावर कमी.

६. गच्चीला पांढरा रंग मारल्याने खरंच फरक पडतो का? साधा चुना चालेल?

पडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी या पानावरचा सगळ्यात कामाचा सल्ला हाच. मेमध्ये दुपारचं ऊन जवळजवळ सरळ गच्चीवर पडतं. काळपट स्लॅब ते पिऊन घेतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर येते, तो प्रकार यातलाच. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत पाठवतो.

साधा चुना चालतो. रात्रभर ड्रममध्ये भिजवा, कापडातून गाळून घ्या, चिकटपणासाठी फेविकॉल घाला. गच्ची आधी घासून धुवा आणि ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्या. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच, लहान मुलांना वर येऊ देऊ नका. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. कूल रूफचा तयार रंग महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. गच्चीचं पाणी साठवत असाल तर पहिल्या पावसांचं पाणी सोडून द्या.

गच्चीला गळती असेल तर आधी ती बुजवा. तडा चुन्याखाली झाकला जातो, बुजत नाही.

७. कूलर हॉलची सगळी शोभा घालवतो. तो कसा लपवू?

लपवू नका. कूलरला कोरडी, मोकळी हवा लागते. खोलीत ठेवून त्यापुढे जाळी-फर्निचर केलं की तो तीच दमट हवा फिरवत राहतो. त्याची जागा खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर, वरून सावली असलेली. खिडकीची चौकट त्याच्या तोंडाच्या मापाने बसवून घ्या, उरलेल्या भागात प्लायवूड लावून भिंतीच्याच रंगात रंगवा. आतून फक्त जाळी दिसते आणि खोलीची जागाही वाचते.

आता महत्त्वाचं. पाणी भरताना आणि टाकीत हात घालताना बटण बंद करून प्लग काढायचाच. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

८. कूलर रात्रभर चालू असतो, तरी खोलीत चिकचिक होते. असं का?

बहुतेक घरांत कारण एकच असतं: हवा बाहेर जायला वाट नाही. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार चार-सहा बोटं उघडं ठेवा. जितकी हवा आत येते तितकी बाहेर जायला हवी.

दुसरं कारण दिवसांचं. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देऊ शकतो. जून उजाडला, ढग आले, आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की तोच कूलर फार तर चार-पाच अंशांचा फरक करतो आणि वर दमटपणा वाढवतो. त्या दिवसांत पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

एसी आणि कूलर एकाच खोलीत एका वेळी लावू नका. एक हवेतलं पाणी काढतो, दुसरा घालतो, आणि बिल दोघांचं येतं.

९. सोफा रेक्झिनचा आहे, बदलायची ऐपत नाही. घामाने पाठ चिकटते. काय करू?

बदलायची गरजच नाही. सुती खेस किंवा जाड दोसुतीचं मोकळं आच्छादन शिवून घ्या, मागे कडांना बंद लावा म्हणजे सरकत नाही. दोन जोड करा: एक अंगावर, एक धुण्यात. रंग फिका असावा. ब्लॉक प्रिंट सध्या सगळीकडे आहे आणि उन्हाळ्याला शोभतंही, पण गडद नीळ किंवा मंजिष्ठी रंगाचं कापड आधी मिठाच्या पाण्यात वेगळं भिजवून बघा. घामाने कच्चा रंग पाठीला लागतो.

गादीसाठीही तेच. फोमची गादी अंगाची ऊब धरून ठेवते. तिच्यावर कापसाची पातळ गादी किंवा जुन्या लुगड्यांची गोधडी टाकून वर सुती चादर घाला. आपण कापूस पिकवणारा मुलूख आहोत. उन्हाळ्यात निदान अंगाखाली तरी तो असावा.

१०. ज्यूटची चटई घेऊ का? फोटोत फार छान दिसते.

कूलर नसलेल्या खोलीत घ्या. कूलरच्या खोलीत ज्यूट ओल धरतं, जून येईपर्यंत त्याला कुबट वास येतो आणि विणीतली बारीक धूळ झाडूने निघत नाही.

कूलरच्या खोलीसाठी मी सरळ जळगावची चटई सुचवते. आपल्या एमआयडीसीत बनणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया देशभर जातात आणि आपणच त्यांना गच्चीपुरतं ठेवतो. आता फिक्या रंगांत, साध्या पट्ट्यांच्या नक्षीतही मिळतात. ओल्या फडक्याने पुसल्या की झालं. बसायला मात्र वर सतरंजी हवी, उघड्या अंगाला प्लॅस्टिक चिकटतं. चटई कायम उन्हात ठेवू नका, कडक होऊन तुटते.

११. वेताचं, बांबूचं सामान ही शहरातली फॅशन. आपल्या घरात ते मांडवासारखं नाही का दिसणार?

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली, ती बांबूसारख्या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून. बांबूला शहरात प्रतिष्ठा मिळायच्या कितीतरी आधी तो आपल्या यावल तालुक्यात मानाने उभा राहिला होता.

मांडवासारखं दिसतं ते सगळंच बांबूचं केल्यावर. एका खोलीत एक मोठी वस्तू आणि एक-दोन लहान, एवढंच ठेवा. बुरुडांकडून करून घेतलेली मोठी टोपली धुण्याच्या कपड्यांना, सुपाएवढी परडी भिंतीवर, एक मोढा बसायला. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारात बांबूकाम मिळतं. घेताना आतल्या बाजूने हात फिरवून बघा, कूस नीट तासलेली असावी, आणि भाव करताना हात आखडता घेऊ नका.

कोरड्या हवेत वेत आणि बांबू तडकतात. पंधरा दिवसांतून एकदा ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा. थेट उन्हात कधीच नाही. बारीक पिवळी भुकटी खाली पडलेली दिसली तर समजा भुंगा लागला. ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

१२. घरात झाडं ठेवली तर खोली थंड होईल का? कोणती ठेवू?

दोन-चार कुंड्यांनी खोलीचं तापमान जाणवण्याइतकं उतरत नाही. डोळ्यांना बरं वाटतं, आणि ते कारण पुरेसं आहे. स्नेक प्लांट, मनी प्लांट, झेडझेड आपल्या उन्हाळ्यात तग धरतात. कूलरच्या झोतात आणि पश्चिमेच्या काचेजवळ कोणतंच झाड ठेवू नका.

खरा गारवा झाड बाहेर असल्यावर मिळतो. पश्चिमेच्या भिंतीपासून थोडी दूर जाळी उभारून मधुमालती किंवा गिलक्याचा वेल चढवा. भिंतीवर ऊनच पडत नाही, आणि गिलकी भाजीला मिळतात ती वेगळीच.

पाण्याचं म्हणाल तर डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला. कूलरच्या टाकीतलं शिल्लक पाणी नको. पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात, मातीत पांढरा थर धरतो. ते पाणी अंगण धुवायला वापरा.

१३. गावाकडचं धाब्याचं घर आहे. आतून मॉडर्न करायचंय. स्लॅब टाकून घेऊ?

धाबं धड असेल तर माझी कळकळीची विनंती: टाकू नका. लाकडी सऱ्यांवरचा मातीचा तो जाड थर आणि हातभर रुंद भिंती दुपारचं ऊन आत पोहोचायला इतका वेळ लावतात की तोवर संध्याकाळ होते. त्या तोडीचा गारवा स्लॅबला पैसे ओतूनही येत नाही.

आत बदल करा, पण मातीला श्वास घेऊ द्या. भिंतींना ऑइल पेंट किंवा सिमेंटचा गिलावा नको, ओल अडकून पोपडे निघतात. चुन्यात चिमूटभर नीळ घातली की जो निळसर पांढरा येतो, त्याच्या तोडीचा रंग डब्यात मिळत नाही. सागवानी खांबांवरचा जुना रंग खरवडून नुसतं जवसाचं तेल द्या. कोनाडे बुजवू नका, त्यांत दिवे आणि पितळी भांडी ठेवा. फर्निचर बुटकं ठेवा: बाज, चौरंग, गादी-लोड. वायरिंग मात्र नवीन आणि पाइपमधूनच करा. धाब्यावर पावसाळ्याआधी खारी, म्हणजे खारी माती, टाकायला विसरू नका.

१४. आम्ही भाड्याने पत्र्याच्या घरात राहतो. घरमालक काही करू देत नाही. तरी काही जमेल?

जमेल. पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून सुती कापडाचं छत ताणा. पूर्वी याला चांदवा म्हणत. जुन्या पांढऱ्या साड्या जोडून केलं तरी सुंदर दिसतं. पत्र्याची झळ थेट डोक्यावर येत नाही. कापड आणि पत्रा यांच्यामधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकं उघडी ठेवा. बल्ब, वायर आणि चुलीपासून कापड लांब हवं.

मालकाने परवानगी दिली तर पत्र्याच्या वर, थोडं उंच, बांबूवर हिरवी शेडनेट बांधा. केळीच्या रोपवाटिकांना लावतात तीच, कृषी केंद्रात मिळते. मे-जूनमध्ये वादळाची चिन्हं दिसली की ती उतरवून ठेवा.

१५. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-नाती येणार. घरातच झोका बांधायचाय. सजवायचा कसा?

आधी कडी तपासा. जुन्या घरात तुळईच्या कड्या असतात, पण लाकूड पोखरलेलं नाही ना ते ठोकून बघा. स्लॅबच्या घरात फॅनच्या हुकाला किंवा पीओपीच्या छताला झोका कधीही नको. मिस्त्रीकडून बीममध्ये अँकर बसवून घ्या आणि आधी मोठ्या माणसाने बसून बघा.

सजावट साधीच छान दिसते. दोराला कडुनिंबाचे डहाळे, पाटावर गोधडी, शेजारी गौराईची जागा, खाली पाण्याने भरलेल्या घंगाळात मोगरा. केळीचे खांब लावायचे तर ओल्या वाळूच्या बादलीत रोवा, दोन दिवस टवटवीत राहतात. आदल्या दिवशी बांधणार असाल तर निदान मुळाकडचा भाग ओल्या गोणपाटात गुंडाळा.

१६. घरात बाळंतीण आहे. तिच्या खोलीसाठी काही वेगळं?

खोली जितकी साधी तितकी बरी. कूलरचा झोत आई-बाळावर थेट नको, भिंतीवर आदळून फिरू द्या. पश्चिमेची खोली टाळा. अगरबत्ती, सुगंधी मेणबत्त्या, रंगाचा ताजा वास काहीही नको. मच्छरदाणी पांढरी, सुती. एसी असेल तर १८ अंशांपर्यंत खाली आणू नका. २०२० पासून घरगुती एसी २४ अंशांवर बेतूनच विकले जातात, तिथून पुढे बाळाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

१७. मृगाच्या आधी काय काय आवरून ठेवायचं?

वाळा आधी. पूर्ण वाळवून, झटकून, जुन्या धोतरात गुंडाळून उंचावर ठेवा, ओला राहिला तर बुरशी येते. चिक उलगडून ब्रशने धूळ काढा आणि सैल गुंडाळा, घट्ट बांधली तर काड्या वाकतात. कूलरचं गवत टाकून द्या, पुढच्या वर्षी नवीनच लागतं. टाकीतला क्षारांचा थर लिंबू किंवा व्हिनेगर लावून खरवडा, पंप काढून कोरडा करा. सुती आच्छादनं खळ न घालता घडी करा, खळीला कसर लागते. घड्यांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, पूर्ण वाळलेलाच, नाहीतर कापडावर हिरवे डाग पडतात.